विंडोज न हलवता लिनक्ससाठी डिस्कची वाटणी

पहिल्यांदाच लिनक्स टाकायला बसलेला माणूस हमखास एका पडद्यावर अडतो. भाषा निवडून झालेली असते, कीबोर्डही झालेला असतो, आणि मग इन्स्टॉलर तीन पर्याय पुढे ठेवतो: विंडोजच्या शेजारी बसवा, सगळी डिस्क पुसून बसवा, किंवा ‘समथिंग एल्स’. पहिल्यात जागेचा हिशेब इन्स्टॉलर आपल्या मनाने करतो. दुसऱ्यात विंडोज आणि सगळ्या फाइली जातात. तिसरा उघडला की आकड्यांचा एक तक्ता समोर येतो आणि माउसवरचा हात आपोआप मागे सरतो. हा लेख त्या तक्त्याबद्दल आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप किंवा नव्या पिढीचा प्रोसेसर ज्यांत नाही, असे धडधाकट लॅपटॉप घरोघरी आहेत. त्यामुळे हल्ली ओळखीतल्या कुणाचा तरी ‘जरा लिनक्स टाकून देशील का’ असा फोन येतो. मी टाकून देत नाही. शेजारी बसतो आणि त्यांच्याच हातून टाकून घेतो. इन्स्टॉल व्हायला वीसेक मिनिटं लागतात, पण त्याआधीच्या तयारीला अख्खी संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ कशी घालवायची, एवढंच पुढे सांगितलं आहे.

उदाहरण म्हणून एक लॅपटॉप धरू: ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एकच एसएसडी, वर विंडोज चालू आणि शेजारी लिनक्स मिंट २२ (लिनक्सचाच एक प्रकार) बसवायचं. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम हाच राहील.

डिस्कचा सातबारा

डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटी नोंदवही असते, तिला पार्टिशन टेबल म्हणतात. कुठला तुकडा, म्हणजे पार्टिशन, कुठून कुठपर्यंत आणि तो कशासाठी, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. थोडक्यात, हा डिस्कचा सातबारा. जमीन वेगळी, कागद वेगळा. कागदावरची नोंद खोडली म्हणून लगेच माती उकरली जात नाही, आणि म्हणूनच चुकून उडवलेलं पार्टिशन टेस्टडिस्कसारख्या साधनाने कधी कधी परत मिळतं. पण त्या जागी नवं फॉरमॅट झालं, आणि डिस्क एसएसडी असली, तर आशा सोडा. फॉरमॅट करताना ‘ही जागा आता रिकामी समज’ असा निरोप एसएसडीला जातो आणि ती आतल्या आत जुना मजकूर साफ करून टाकते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर जी दुसरी संधी मिळायची, ती इथे बहुधा मिळत नाही.

नोंदवहीचे दोन प्रकार आहेत. जुनी एमबीआर, म्हणजे १९८३ च्या पीसी डॉस २.० पासूनची. तिच्यात मुख्य पार्टिशनं फक्त ४ मावतात आणि साधारण २ टीबीच्या पुढची जागा तिला मोजताच येत नाही. नवी जीपीटी. तिच्यात सहसा १२८ नोंदींची सोय असते, शिवाय वहीची एक प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज घालून कारखान्यातून आलेला लॅपटॉप जवळपास नक्कीच जीपीटीचा असतो. तरी बघून घ्या: स्टार्ट बटणावर उजवी टिचकी, ‘डिस्क मॅनेजमेंट’, खाली डावीकडे ‘डिस्क ०’ लिहिलेल्या चौकोनावर उजवी टिचकी, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘व्हॉल्यूम्स’. तिथे पार्टिशन स्टाइल लिहिलेली असते.

एमबीआर निघाली आणि आधीच ४ पार्टिशनं असली, तर एक सापळा आहे. अशा डिस्कवर विंडोजमध्ये पाचवं पार्टिशन करायला गेलात की ते डिस्कला ‘डायनॅमिक’ करण्याची परवानगी मागतं. खिडकी साधी दिसते, ‘येस’चं बटण ठळक असतं. नाही म्हणा. डायनॅमिक डिस्कवर लिनक्सचा इन्स्टॉलर हतबल होतो आणि मागे फिरण्याचा सरळ रस्ता नसतो. या लेखात पुढे मी जीपीटी गृहीत धरली आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची पार्टिशनशी पहिली ओळख सी, डी, ई, एफ अशी झाली. एक्सपीच्या दिवसांत लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या ४० जीबीच्या डिस्कचे दुकानदार न विचारता चार तुकडे करून द्यायचा. सीमध्ये विंडोज, डीमध्ये गाणी, ईमध्ये सिनेमे, आणि एफमध्ये ज्याचं त्याला ठाऊक. (ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेले, म्हणून मोजणी सीपासून.) सी फॉरमॅट केला तरी डी शाबूत राहतो, हा त्यातला खरा फायदा. पण त्यामुळे एक चुकीची सवय लागली, की जितके तुकडे जास्त तितकी व्यवस्था चांगली. लिनक्समध्ये ही अक्षरं नाहीतच आणि तुकडेही इतके लागत नाहीत. त्याकडे पुढे येतोच.

आधी मोजणी, तीही कागदावर

वहीचं एक पान घ्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतं ते डावीकडून उजवीकडे, आकारासकट, हाताने लिहून काढा. आपल्या उदाहरणात साधारण असं दिसेल: १०० एमबीचं ईएफआय सिस्टिम पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइली यात असतात; काही कंपन्या २६० एमबी ठेवतात), मग सी, सुमारे ४७६ जीबीचा, आणि शेवटी काही शे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन. या तिघांखेरीज मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेला १६ एमबीचा एक तुकडा असतो, तो डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसत नाही. लिनक्समध्ये शिरल्यावर तो अचानक उगवेल. त्याला हात लावू नका, पानावर आत्ताच लिहून ठेवा.

५१२ जीबी घेतली आणि बेरीज ४७७ च्या आसपास कशी, हा प्रश्न इथे हटकून येतो. कुणी जागा खाल्लेली नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि नाव तेच वापरतं. म्हणून १ टीबीची डिस्कही ९३१ जीबी दिसते. हा फरक लक्षात असू द्या, कारण लिनक्सचा इन्स्टॉलर पुन्हा पहिल्या पद्धतीने मोजतो आणि तिथे आकडे जुळेनासे झाले की नवखा माणूस घाबरून भलतंच काहीतरी दाबतो.

हे पान करायला लावतो म्हणून मला लोक हसतात. हसू द्या. वाटणीत चुका आकार ठरवताना फारशा होत नाहीत. जागा १० जीबी कमी पडली म्हणून कुणाचं आजवर काही बिघडलेलं नाही. चूक होते ती ओळख पटवण्यात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः डेस्कटॉपवर लिनक्स टाकत होतो. आतली डिस्क १ टीबीची आणि बॅकअप घेतलेली बाहेरची डिस्कही १ टीबीचीच. बॅकअप झाल्यावर तिची केबल काढायची राहिली. तक्त्यात दोन सारख्या ओळी दिसल्या, मी वरची धरली, आणि ती बाहेरची निघाली. मावसभावाच्या लग्नाचे फोटो त्या दिवसापासून फक्त त्याच्या अल्बममध्ये आहेत. तेव्हापासून माझा नियम: बॅकअप घ्यायचा, उघडून तपासायचा, आणि ती डिस्क कपाटात ठेवून मगच पुढची पायरी.

तर बॅकअप. सगळी डिस्क नको, परत मिळणार नाही ते हवं: फोटो, कागदपत्रं, टॅलीसारख्या प्रोग्रॅमचा डेटा, ब्राउझरचे बुकमार्क. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली विसरतात, कारण त्या ‘कुठे’ आहेत असं वाटतच नाही. त्या सीमध्येच असतात.

तीन कुलुपं

डिस्कला हात लावण्याआधी विंडोजमधल्या तीन गोष्टी सैल कराव्या लागतात.

पहिली, एन्क्रिप्शन. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की बहुतेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू होतं. म्हणजे तुमची डिस्क कुलूपबंद आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली बघा. चालू असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की मिळवा. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर असते. त्याच वहीच्या पानामागे लिहा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवणं म्हणजे किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद करणं. मग नवख्यांनी एन्क्रिप्शन बंदच करावं असं माझं मत. पूर्ण उलगडायला वेळ लागतो, चार्जर लावून जेवायला जा. ज्यांना चालूच ठेवायचं आहे त्यांनी तयारी ठेवावी, की बूट करण्याची, म्हणजे मशीन सुरू होण्याची, पद्धत बदलल्यावर विंडोज ती की मागू शकतं.

दुसरी, फास्ट स्टार्टअप. हा चालू असताना तुम्ही ‘शट डाउन’ दाबता तेव्हा विंडोज पूर्ण झोपत नाही. आपली निम्मी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तिथूनच उठतं. अशा अर्धवट जागत्या सी ड्राइव्हवर दुसऱ्या सिस्टिमने लिहिणं धोक्याचं, म्हणून लिनक्स तो बहुधा फक्त वाचण्यापुरता उघडतं किंवा उघडतच नाही. बंद करायची सगळ्यात पक्की रीत एका ओळीची आज्ञा आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. आता फोनवर सांगतो तसं सांगतो: पॉवर हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून सी-एफ-जी, मग जागा, तिरकी रेघ आणि एच, पुन्हा जागा, ऑफ. एंटर. काहीच छापून आलं नाही म्हणजे झालं. याने हायबरनेशनची, म्हणजे ती अवस्था साठवणारी, फाइलही पुसली जाते आणि काही जीबी परत मिळतात.

तिसरं कुलूप सगळ्यांना नसतं. इंटेलच्या काही लॅपटॉपवर डिस्कचा कंट्रोलर बायोसमध्ये (विंडोज उठण्याआधीच्या, मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ‘रेड’, ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ या पद्धतीवर असतो. मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला तुमची डिस्क दिसतच नाही, दिसतो फक्त पेनड्राइव्ह. उपाय ‘एएचसीआय’वर नेण्याचा. पण तो थेट बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून अडतं. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करायची, मग बायोसमध्ये बदल, मग एकदा सेफ मोडमध्ये जाऊन परत नेहमीसारखं सुरू करायचं. डिस्क दिसत असेल तर या भानगडीत पडूच नका.

सी आखडून घ्या

विंडोजचं पार्टिशन लहान करायचं ते विंडोजनेच. लिनक्सची साधनंही करू शकतात, पण आपल्या फाइली कुठे पसरल्या आहेत हे विंडोजला जास्त ठाऊक.

किती जागा काढायची? लिनक्स मिंटचं स्वतःचं म्हणणं किमान २० जीबी, आरामात राहायला १०० जीबी. सीमध्ये विंडोजसाठी वापरलेल्या जागेच्या वर ४०-५० जीबी तरी मोकळी राहू द्या, नाहीतर पुढच्या मोठ्या अपडेटला विंडोज कुरकुरेल. आपल्या उदाहरणात १२० जीबी काढू.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर उजवी टिचकी, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीत मागतात, म्हणून १२० ला १०२४ ने गुणा: १२२८८०. ही खिडकी विचारते ते ‘किती कमी करू’. ‘किती ठेवू’ असं ती विचारत नाही. घाईत उलटं वाचणारे मी पाहिले आहेत.

आता अडचण. सीमध्ये ३०० जीबी मोकळी दिसते, आणि श्रिंकची खिडकी म्हणते फक्त १२ जीबी देता येईल. कारण विंडोज पार्टिशन मागून कापतं, आणि मागच्या बाजूला कुठेतरी न हलवता येणारी फाइल बसलेली असते: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट. शेताच्या टोकाला एक विहीर असावी आणि तिच्यामुळे अख्खा पट्टा अडावा तसं. हायबरनेशनची फाइल आपण आधीच उडवली. रिस्टोअर पॉइंटसाठी ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मध्ये सीचं संरक्षण तात्पुरतं बंद करा, पेजफाइल ‘नो पेजिंग फाइल’ करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. बहुतेक वेळा आकडा सुटतो. श्रिंक झालं की दोन्ही पूर्ववत करायला विसरू नका.

काम झालं की सीच्या उजवीकडे काळ्या पट्टीचा ‘अनॲलोकेटेड’ भाग दिसेल. तो तसाच सोडा. त्यावर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करून डी ड्राइव्ह बनवून ठेवणारे खूप. मग इन्स्टॉलरमध्ये मोकळी जागा शोधत बसतात. पडीक जमीनच हवी आहे आपल्याला. पानावर नवा नकाशा काढा, आणि आता एकदा विंडोज रीस्टार्ट करून ते व्यवस्थित उठतं ना ते बघा. बिघाड असेल तर तो इथेच कळलेला बरा, कारण अजून लिनक्सचा संबंधच आलेला नाही.

किती तुकडे?

माझं उत्तर: एक. सगळे १२० जीबी एका पार्टिशनला, ज्याला लिनक्समध्ये रूट म्हणतात आणि नुसत्या तिरक्या रेघेने (/) दाखवतात.

होम, म्हणजे तुमच्या फाइलींची जागा, वेगळ्या पार्टिशनवर ठेवा असा सल्ला सर्वत्र मिळतो. चुकीचा नाही. उद्या मिंट काढून दुसरं लिनक्स टाकायचं झालं तर रूट फॉरमॅट करून होम तसंच ठेवता येतं, आपल्या जुन्या डी ड्राइव्हचंच तत्त्व. पण नवखा माणूस रूटला ३० जीबी देतो, होमला ९०. मग फ्लॅटपॅक पद्धतीचे, जास्त जागा खाणारे चारपाच प्रोग्रॅम येतात, सिस्टिमच्या प्रती घेणारं टाइमशिफ्ट रूटवरच स्नॅपशॉट साठवू लागतं, आणि सहा महिन्यांत रूट गळ्यापर्यंत भरलेलं, होममध्ये मात्र ७० जीबी रिकामी. भिंत सरकवायची तर पार्टिशनची सुरुवात हलवावी लागते, म्हणजे आतला सगळा डेटा उचलून पुढे ठेवणं. तासाचं काम, आणि मध्येच लाइट गेली तर डेस्कटॉपवाल्यांचं काही खरं नाही. २५० जीबीच्या पुढे जागा देणार असाल तर होम वेगळं काढा, रूटला ८० तरी द्या.

स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेसाठी) वेगळं पार्टिशन आता लागत नाही. नसेल तर इन्स्टॉलर स्वतः स्वॅप फाइल करतो. लिनक्समध्ये हायबरनेट करायचंच असेल तर मात्र रॅमएवढी तरी स्वॅपची जागा लागते. लॅपटॉप झाकण मिटवून साधा झोपवणाऱ्याला गरज नाही.

आणि दोन्हीकडून वापरायच्या फाइलींसाठी? काही करू नका. सीमधलं डॉक्युमेंट्स फोल्डर लिनक्समधून उघडतं, एन्क्रिप्शन आणि फास्ट स्टार्टअप बंद केलंत त्याचा हा फायदा. उलट मात्र चालत नाही: लिनक्सचं ईएक्सटी४ (फाइली साठवण्याची त्याची पद्धत) विंडोजला आपणहून वाचता येत नाही. त्यामुळे दोन्हीकडे हवी ती फाइल सीवर ठेवायची.

इन्स्टॉलरमध्ये

मिंटची फाइल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस किंवा बलेनाएचरने चढवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे सांगायलाच हवं. लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा: डेल आणि लेनोवोला सहसा एफ१२, एचपीला एफ९, आसूसला एस्केप. मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) लिहिलेला निवडा. विंडोज ज्या पद्धतीने बूट होतं त्याच पद्धतीने लिनक्सही बसायला हवं. जीपीटीवर ती यूईएफआय.

लगेच इन्स्टॉल दाबू नका. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, तर आधी वायफाय, आवाज, टचपॅड तपासा. मेनूत जीपार्टेड हे पार्टिशनं दाखवणारं साधन आहे, ते उघडा आणि तुमच्या पानाशी ताडून बघा. जीपार्टेड सुरुवातीसाठी छान, कारण त्यात तुम्ही काहीही केलंत तरी ते आधी यादीत साठतं आणि वरची हिरवी खूण दाबेपर्यंत डिस्कवर काही घडत नाही. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट मात्र दाबलं की लगेच करून मोकळं होतं.

इथे नावं बदललेली दिसतील. एनव्हीएमई एसएसडी असेल तर डिस्कचं नाव ‘एनव्हीएमई०एन१’ आणि तिच्या पार्टिशनांच्या शेवटी पी१, पी२, पी३. साटा डिस्क असेल तर ‘एसडीए’ आणि एसडीए१, एसडीए२. आणि फसगत होते ती अशी: एनव्हीएमई लॅपटॉपवर ‘एसडीए’ हा बहुधा तुमचा पेनड्राइव्हच असतो. इंटरनेटवरच्या जुन्या सूचना ‘एसडीए निवडा’ म्हणतात, त्या तशाच पाळू नका. नावावर जाऊ नका, आकारावर जा.

आता इन्स्टॉलर, ‘समथिंग एल्स’. तक्त्यात ‘फ्री स्पेस’ म्हणून १२८८४९ एमबीच्या आसपासची ओळ शोधा. हो, आपण १२२८८० काढले होते. जागा तेवढीच आहे, इथे एमबी १० लाख बाइटचा आहे. ती ओळ निवडून खालचं अधिकचं चिन्ह दाबा. आकार आहे तोच ठेवा, ‘यूझ ॲज’मध्ये ईएक्सटी४, ‘माउंट पॉइंट’मध्ये तिरकी रेघ. ओके.

मग ईएफआय पार्टिशन. १०० एमबीच्या आसपासची ती ओळ, फॅट३२, बाजूला विंडोज बूट मॅनेजर असं काही लिहिलेलं. नवं करायचं नाही, फॉरमॅटची खूण करायची नाही. एकाच ईएफआय पार्टिशनमध्ये विंडोज आणि लिनक्स आपापल्या फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने राहतात. त्याला फॉरमॅट केलंत की विंडोजचं सुरू होण्याचं दारच पाडलंत. मी बघितलेल्या बिघडलेल्या इन्स्टॉलेशनांत हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघालं आहे.

खाली बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) कुठे टाकायचा ते विचारलेलं असतं, तिथे तीच एसएसडी निवडा, पेनड्राइव्ह नको. दोन डिस्कांच्या मशीनवर हा इन्स्टॉलर काही वेळा तुमचं न ऐकता पहिल्या डिस्कच्याच ईएफआयमध्ये बूटलोडर टाकतो; दुसरी डिस्क काढून ठेवता आली तर काढा.

‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर एक शेवटची खिडकी येते: अमुक पार्टिशन फॉरमॅट होईल, अमुक डिस्कची नोंद बदलेल. फेरफार मंजूर होण्याआधीची हीच हरकतीची वेळ. फॉरमॅटच्या यादीत फक्त एक नाव असायला हवं, आत्ता केलेलं ईएक्सटी४. दुसरं काहीही दिसलं तर ‘गो बॅक’, आणि गोंधळ वाटला तर ‘रिव्हर्ट’ दाबून पहिल्यापासून. इथपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं. इथून पुढे लिहिलं जातं.

नंतरच्या दोनतीन गोष्टी

सुरू करताना ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, मेनू दिसेल, मिंट वर आणि विंडोज बूट मॅनेजर खाली. मेनू न येता थेट विंडोज उघडलं तर घाबरू नका, बायोसमधला बूटचा क्रम बदला. तिथे मिंट हे नाव शोधून सापडणार नाही. मिंट उबुंटूवर उभं असल्यामुळे नोंद बहुतेकदा ‘उबुंटू’ नावाने असते.

एखाद दिवशी विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. हा पार्टिशनचा दोष नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं की त्या वेळेपुरतं जुळतं.

आणि लिनक्स जमलं नाही, काढायचं आहे, तर क्रम महत्त्वाचा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा आणि ग्रब न दिसता विंडोज उघडतं याची खात्री करा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये १२० जीबीचं ते पार्टिशन उडवा, सीवर उजवी टिचकी, ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’. मोकळी जागा सीला लागूनच उजवीकडे असल्यामुळे ती परत जोडली जाते. उलट्या क्रमाने केलंत तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढा एकच शब्द लुकलुकत बसलेला दिसेल. तसं झालं तरी बूट मेनूची कळ दाबून विंडोज निवडा आणि राहिलेला क्रम तेव्हा बदला. वहीचं पान मात्र लॅपटॉप आहे तोवर फाडू नका, मागे ती ४८ अंकी की लिहिली आहे.